फौंड्रीचा गूळ

आमच्या घरात पाण्याचा पेला कुणी तळापर्यंत पीत नाही. पेला असो, वाटी असो, चहाचा कप असो, शेवटचा घोट ठेवायचा आणि मोरीत ओतायचा. पोरं तसंच करतात, नातवंडंही तसंच करतात. परवा धाकट्या सुनेनं विचारलं, "आबा, ह्या घरात सगळ्यांनाच ही खोड कशी? नळाला एक दिवसाआड पाणी येतंय, आन तुम्ही सगळी मिळून बादलीभर वततासा."

मी म्हटलं, "तुझ्या सासूला इचार."

तोंडातून गेलं आणि मग कळलं काय बोललो ते. सासू जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. सून भांडी घासायला बसली, आणि जरा जास्तच जोरात घासू लागली.

तेव्हापासून मला चैन नाही. तसं आधीही नव्हतंच. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की चालावंसं वाटतं, चार पावलं चाललो की दम लागतो आणि पुन्हा बसावं लागतं. थोरला म्हणतो, "आबा, एका जागी बसा की." एका जागी बसायला मी काय देव हाय, असं म्हणून मी परत उठतो. लिहायला बसलो तर निदान हात तरी हलतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पण सुनेनं विचारलेल्याचं उत्तर द्यायचं आहे, आणि ते तोंडानं सांगायला गेलो तर अर्ध्यावर दम जाईल.

गोष्ट माझ्या छातीची आहे. ती वाचवायची असं माझ्या बायकोनं ठरवलं होतं. कशापासून आणि कशाच्या बदल्यात, ते सांगतो.

मी फौंड्रीत लागलो तेव्हा उद्यमनगरात गल्लोगल्ली भट्ट्या होत्या. विहिरीवर मोटा जाऊन इंजिनं बसायचे दिवस होते, आणि त्या इंजिनांची धडं कोल्हापुरात ओतली जायची. लोखंड वितळलं की त्याला आम्ही रसच म्हणायचो. हा रस वाळूच्या साच्यात ओतायचा, गार झाला की साचा फोडायचा, आणि आतला माल बाहेर काढायचा. मालाला जळकी वाळू चिकटलेली असायची. ती छिन्नी-हातोड्यानं उडवायची, मग खरखरीत दगडावर घासायची, ह्या कामाला फेटलिंग म्हणतात. मी फेटलिंगला होतो. वर पत्र्याचं छप्पर, पत्र्याला भोकं. भोकातून उन्हाची काठी खाली उतरायची आणि त्या काठीत धूळ अशी गरगर फिरायची की बघत राहावं. देवळातल्या धुपासारखी दिसायची. तेच आपण आत ओढतोय हे डोक्यात येत नव्हतं. वय पंचविशीचं. तेव्हा छाती म्हणजे शर्टाची बटणं तोडायची वस्तू.

पगार नगावर होता. जेवढे नग साफ, तेवढीच मजुरी. त्यामुळं नाकाला फडकं कुणी बांधायचं नाही. फडक्यानं जीव कोंडतो, हात मंदावतो, आणि हात मंदावला की चूल मंदावते. ताप असला तरी यायचं, कारण खाडा केला तर त्या दिवसाचं काहीच नाही. मालक वाईट नव्हता. तोही एकेकाळी मोल्डर होता, साचे बनवणारा, वाळूतच वाढलेला. त्यानं आमच्यासाठी एक गोष्ट चालू केली होती आणि तिचं त्याला कौतुक होतं. रोज दुपारच्या सुट्टीत मिस्त्री पत्र्याचा डबा घेऊन यायचा आणि प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. धुळीत काम करणाऱ्यानं गूळ खाल्ला की छाती साफ राहते, असं सगळे म्हणायचे. मालक म्हणायचा, मिस्त्री म्हणायचा, दवाखान्यातला कंपाउंडरसुद्धा म्हणायचा. मालक स्वतः आमच्यासमोर उभा राहून तोच गूळ खायचा.

ह्या गुळावर सगळ्यात जास्त विश्वास वस्तादांचा. वस्ताद म्हणजे आमच्या फेटलिंगमधले सगळ्यात जुने गडी. मुसलमान माणूस, तरुणपणी कुस्त्या केलेल्या, म्हणून सगळे वस्ताद म्हणायचे. छाती अशी रुंद की बनियन त्यांना आखूड व्हायचं. मला काम त्यांनीच शिकवलं, आणि गूळ खायलाही त्यांनीच.

"चावू नगंस मर्दा, चघळ," ते सांगायचे. "चघळला की नरड्यातनं उतरताना धुळीला संगट घिऊन जातोय. एकदा पोटात गेली की मिटलं. पोट काय, दगूड पचवतंय."

मी चघळायचो थोडा आणि उरलेला रुमालात बांधायचो. घरी तीन पोरं वाट बघत असायची. साखर रेशनवर, गुळाचा चहा घरोघरी, त्यात असा फुकटचा गूळ रोज येतोय म्हटल्यावर गल्लीत आमची ऐट होती. वस्तादांना ते पटायचं नाही. "आरं, ते औशिद हाय! औशिद पोरांस्नी वाटतंय व्हय कोण?"

माझी बायको कागलकडची. तिचा बाप गुळव्या होता. गुऱ्हाळावर काहिलीत, त्या मोठ्या कढईत, रस किती आटला, कधी उतरवायचा, हे ज्याच्या नजरेवर चालतं तो गुळव्या. ती गुळाच्या वासातच वाढलेली. माणूस बोलायला सरळ. गोड बोलणं तिच्या घराण्यात नव्हतं, सगळं गोड काहिलीत गेलेलं.

एका शिमग्याला तिनं पोळ्या करायचं ठरवलं. मी आणलेला गूळ तिनं आठवडाभर साठवून ठेवला होता. तो तिनं पातेल्यात पाणी घालून विरघळत ठेवला आणि घागर घेऊन नळावर गेली. नळावर रांग होती. परत यायला वेळ लागला. आली, पातेलं तिरकं केलं, वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं, आणि तिथंच थांबली.

"अवो, हिकडं या जरा."

गेलो. पातेल्याच्या तळाला काळं काहीतरी बसलं होतं. तिनं चिमटीत धरून चोळलं, मग दाताखाली धरलं. कचकच आवाज मलाही ऐकू आला.

"ह्ये काय हाय?"

"वाळू."

"कुठली?"

"आमचीच. फौंड्रीची. डबा उघडाच आसतोय, बसली आसंल गुळावर."

"दुपारच्या सुट्टीत गुळावर येवढी बसतीया," ती म्हणाली, "तर दिवसभरात तुमच्यात किती बसत आसंल?"

मी विचारलं, "पोळ्या हुणार का न्हाईत?"

तिनं सगळा गूळ मोरीत ओतला. त्या शिमग्याला आम्ही भाकरी आणि कटाची आमटी खाल्ली, आणि शेजारच्या पोळ्यांचा वास घेत पोरं रडली. तेव्हापासून घरात नियम झाला. गूळ बाजारचा आणला तरी आधी पाण्यात ठेवायचा, वरचं घ्यायचं, तळ टाकायचा. मग चहाला नियम लागला, मग पाण्यालाही. पोरांच्या हातातून पेला काढून घ्यायची ती. "तळाचं ठेव." कशाला, हे सांगायची नाही. बायकांचं असं असतं, एकदा धास्ती घेतली की ती त्यांना प्रत्येक भांड्यात दिसते.

त्याच सुमारास फौंड्रीत विजेवरचा ग्राइंडर आला. नग दुपटीनं निघू लागले, मालक खूष, आम्हीही खूष, कारण मजुरी नगावर. धूळ मात्र अशी उडायला लागली की समोरचा माणूस कोण ते आवाजावरून ओळखायचं. आता काहीतरी मागितलं पाहिजे असं सगळ्यांना वाटू लागलं. सुट्टीच्या दिवशी फेटलिंगचे सगळे माझ्या खोलीत जमले. काय मागायचं ह्यावर फार बोलणं झालंच नाही. धूळ दुप्पट झाली, तर गूळ दुप्पट पाहिजे. सरळ हिशेब. मीही मान हलवत होतो.

बायको आत ऐकत होती. आमच्याकडं पावण्याला आधी गूळपाणी देतात, पण आमच्या घरात ते बंद झालेलं. त्या दिवशी तिनं स्वतःहून पेले भरले. माझ्या खुंटीवरच्या रुमालातला कालचा गूळ सोडला, पाण्यात घातला, सगळ्यांपुढं ठेवला. लोक बोलण्याच्या नादात घटाघट प्यायले. पहिल्यांदा वस्तादांनी तोंड वाकडं केलं.

"काय वैनी, पाण्यात वाळू हाय की!"

"माझ्या घरची न्हाय," ती दारात उभी राहून म्हणाली. "तुमच्या मालकाची हाय. कालच्या गुळाची. बाकीच्यांनीबी तळ बघून घ्या."

सगळ्यांनी पेल्यात डोकावलं. एकजण हसला, "आयला, वैनीनं फेटलिंग केलं की आपलं!" मग सगळेच हसले. ती हसली नाही.

"गूळ कसला मागतासा? धूळ बंद करा म्हणा की. पंखा लावा म्हणा, धूळ भायेर वडून टाका म्हणा. माझा बा जल्मभर गुळाच्या काहिलीवर हुता. बोटाबोटानं गूळ चाटायचा दिवसभर. चुलवणाच्या धुरानं खोकून खोकून मेला. गुळानं छाती साफ हुईत आसती तर त्यो आजून जित्ता आसता."

मला तर जमिनीत जावंसं वाटत होतं, भर मंडळीत बायको अशी बोलतेय म्हणून. शेवटी वस्ताद बोलले, आणि हळू आवाजात बोलले. "वैनी, तुमचं खरं हाय. पर गूळ मागितला तर मालक देतोय. पंखा मागितला तर घरला जावा म्हणंल. गरिबानं जे मिळतंय तेच मागावं."

तरी आम्ही दोन्ही मागितलं. तिचं बोलणं कुठंतरी लागलं होतं. मालकानं ऐकून घेतलं. गुळाला लगेच हो म्हणाला. पंख्याला म्हणाला, "पंखा बसवतो की. पर त्येच्या खर्चात दोन गडी बसत्यात. कुठल्या दोघांस्नी कमी करू ते तुम्हीच सांगा." आम्ही एकमेकांकडं बघितलं, मग बुटांकडं. दोघांची नावं घ्यायची ताकद कुणात होती? निघालो.

घरी आलो. बायको म्हणाली, "काय झालं?"

"दुप्पट झाला."

"काय? गूळ का खोकला?"

खोकला तोवर मलाही लागला होता. सकाळी उठलं की सुरू व्हायचा, चहा होईपर्यंत चालायचा. मी म्हणायचो, बिडी. ती म्हणायची, बिडी तर तुम्ही शिवत न्हाईसा. शिवत नव्हतो हे खरं, पण बिडीचा खोकला म्हटलं की माणूस गप बसतो. आमच्यात सगळेच तसं म्हणायचे.

वस्ताद पहिले खचले. ते एवढे हळूहळू खचले की रोज बघणाऱ्याला कळलंच नाही. आधी बनियन बसायला लागलं, मग ढगळ व्हायला लागलं. मग एक दिवस हातोडा खाली ठेवून भिंतीला टेकले आणि टेकलेलेच राहिले. दवाखान्यात टीबी म्हणाले. इंजेक्शनं सुरू झाली. नंतर मोठ्या दवाखान्यात कुणी सांगितलं म्हणे, टीबी नाही, धूळ आहे, आणि धुळीला इंजेक्शन नसतं. पण तोवर गल्लीत टीबी झालाच होता. नळावर त्यांची घागर बाजूला ठेवायला लागले. चहाच्या गाड्यावर त्यांचा कप वेगळा. ज्या माणसानं अर्ध्या गावाला पाठीवर पाडलं होतं, त्यानं कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचा.

एकदा ते आमच्याकडं आले. खोलीला दोन पायऱ्या होत्या, त्या चढेनात. खालच्या पायरीवरच बसले. मी उचलून घेतो म्हटलं तर हात झाडला. "आजून येवढं न्हाय झालं, लेका." बायकोनं चहा आणला. आमच्या रोजच्या कपात आणला, माझ्या कपात. वस्तादांनी कपाकडं बघितलं, मग तिच्याकडं. त्यांना कळलं.

"वैनी, दुसरा कप द्या की. हा घरचा हाय."

"सगळंच घरचं हाय. प्या."

प्यायले. तळाला घोटभर राहिला तो दाखवून म्हणाले, "हे टाका बरं का. ह्यात आता गुळाची न्हाय, माझ्या छातीतली वाळू आसंल." आणि स्वतःच हसले, हसताना खोकला आला, खोकता खोकता डोळ्यातून पाणी आलं. ते हसण्याचं होतं की खोकल्याचं, मी बघितलं नाही. बायको कप घेऊन आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

पुढच्या पावसाळ्यात वस्ताद गेले. मातीला फौंड्रीतले सगळे होते. मालकही होता, आणि तो रडला, खरं रडला. परत येताना कुणीतरी म्हणालं, वस्ताद गूळ चघळायचं सोडून चावायला लागले होते, तिथंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी मी डबा मागितला तर बायको पदर खोचून, कपाळावर कुंकू ठसठशीत लावून दारात उभी. माझा डबा तिच्या हातात.

"आजपास्नं तुम्ही जायचं न्हाय. मी जातो."

आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, पुण्याचे लोक हसतात त्याला. मला वाटलं नळावर जाते म्हणते. विचारलं, "कुठं?"

"गुळाच्या मार्केटात. रव्या-ढेपांस्नी कापड गुंडाळायला बाया घेत्यात. म्हयन्याभरापूर्वीच इचारून ठेवलंय. वस्ताद बरं हुतील म्हणून थांबलोतो."

मी ओरडलो. भांडी फेकली असतील एखाद-दोन. माझ्या जिवावर उठलीस काय, गल्ली काय म्हणेल, बायकोच्या मजुरीवर बसून खाऊ काय, तुझी मजुरी माझ्या निम्मी, पोरांची शाळा, खोलीचं भाडं. जे जे म्हणायचं ते सगळं म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "निम्म्यात भागवू. तुम्ही गेलासा तर सगळंच जाईल." डबा काखेत मारला. उंबऱ्यावरून वळून म्हणाली, "येतो." रोज सकाळी मी म्हणायचो, अगदी तसंच.

ते दिवस मला आठवू नयेत असे वाटतात आणि तेच सारखे आठवतात. घरात बसलेला पुरुष म्हणजे गल्लीला करमणूक. समोरचा न्हावी दाढी करता करता हाक मारायचा, "काय पावणं, बायकू कवा येणार कामावरनं? भाकरी टाकल्या का न्हाईत?" मी दार लावून घ्यायचो. आत बसवायचं नाही, बाहेर जाववायचं नाही. खोली ती केवढी, तिच्यात येरझाऱ्या घालून घालून शेणानं सारवलेल्या जमिनीला वाट पडली. दोनदा फौंड्रीपर्यंत गेलो. दोनदा फाटकापासून परत आलो. आतून ग्राइंडरचा आवाज यायचा आणि हाताला खाज सुटायची. मारणाऱ्या कामाचीही सवय लागते माणसाला. काम सुटलं की शरीर विचारतं, आता मला कशाला ठेवलंस?

पुढं थेटराबाहेरच्या सायकल स्टँडवर काम मिळालं. सायकल लावायची, पत्र्याचा बिल्ला द्यायचा, खेळ सुटला की बिल्ला घेऊन सायकल द्यायची. पैसा थोडा, पण मोकळी हवा. रविवारी रंकाळ्याकडून वारा यायचा. माझा खोकला गेला नाही, पण तिथंच थांबला. माझ्याबरोबरचे फेटलिंगवाले एकेक करून वस्तादांच्या वाटेनं गेले. मी राहिलो.

गेल्या काही वर्षांत दवाखान्यात छातीचा फोटो काढला की डॉक्टर म्हणतात, "आजोबा, छातीत जुनं आहे सगळं, पण वाढलं नाही. वेळेत बाहेर पडलात." मी मान हलवतो. मी कुठला पडतोय बाहेर? मला काढलं बाहेर.

तिचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. मार्केटात दिवसभर उभं राहायचं. फरशी चिकट, तिच्यात पाय रुतल्यासारखे. गुळाचा एकेक रवा म्हणजे धोंडा, वाकून उचलायचा, कापड गुंडाळायचं, सुतळीनं आवळायचं, बाजूला ठेवायचं, परत वाकायचं. हमालांना जास्त, बायांना कमी. का कमी, तर बाया म्हणून. रात्री तिच्या पायांना मुंग्या लागायच्या, खऱ्या मुंग्या, गुळाच्या वासाला. आधी टाचा फुटल्या, मग कंबर, मग गुडघे. पन्नाशी यायच्या आत ती भिंत धरून उठायला लागली. आणि खाडा नको म्हणून दुकानातून दुखायच्या गोळ्या. सकाळी एक, रात्री एक, सणासुदीला जास्त काम असलं की दुपारीही. वर्षानुवर्षं. माझा दम तिच्या गुडघ्यातून आला. आमच्यासारख्यांच्या घरात ताकद मोजकीच असते. एकानं राखायची म्हटलं की दुसऱ्यानं खर्चायची. हे मला कुणी शिकवलं नाही, मी रोज बघितलं.

ती स्वतः मात्र माझीच काळजी करायची. मी आधी जाणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. मी गेल्यावर कुठं राहायचं, पेन्शनचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, कुठल्या पोराकडं किती दिवस, सगळं ठरलेलं. रांडव होऊन जगायची तिची तयारी पक्की होती. माझी काहीच नव्हती. मला चहासुद्धा करता येत नाही. ती गेल्यावर मी शेगडीपुढं उभा राहिलो आणि चहाची पूड कुठल्या डब्यात असते ते मला माहीत नव्हतं.

गुडघ्याच्या गोळ्यांनी तिची किडनी गेली, असं डॉक्टर म्हणाले. एवढं सरळ म्हणाले की मला राग आला. मग दवाखाना. पाण्यावर बंदी, दिवसाला मोजून एवढंच. तिला तर तहान अशी लागायची की ओठ सालटले होते. मी छोटी स्टीलची वाटी घेऊन बसायचो. नर्स सांगेल तेव्हा वाटी भरायची, हळूहळू पाजायची.

शेवटच्या संध्याकाळी मी वाटी तोंडाला लावली. प्यायली. डोळे मिटून प्यायली. आणि तळाला आलं तसं तोंड बाजूला केलं.

मी म्हटलं, "पी की."

"ऱ्हाऊ द्या."

"अगं, तुला ह्येवढंच मिळतंय दिवसाला. त्यातबी ठेवतीस? हितं नळाचं पाणी हाय, कुठली आलीया वाळू?"

तिनं डोळे उघडले. तिच्या तोंडावर भाव तेच, शिमग्याच्या पातेल्यापुढचे. "तुमचं काय सांगावं," ती म्हणाली, "तुम्ही गूळबी खाल्लासा."

मी हसलो. तीही हसली असेल, ओठ सालटलेले, नीट कळलं नाही. वाटी माझ्या हातात होती. ओतायला जवळ मोरी नव्हती, आणि ओतवेनाही. घोटभर पाणी, तिचं, त्या दिवसाचं शेवटचं. मी ते प्यायलो. तळाला काही नव्हतं. पहाटे ती गेली.

तर सूनबाई, ह्या घरात तळाचा घोट कुणी का पीत नाही, ते असं आहे. पोरांना मी कधी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. तू विचारलंस.

मला आता पाणी प्यायला बसवत नाही. उभ्यानंच पितो, आणि शेवटचा घोट आला की हात आपोआप थांबतो. ओतायला जातो, तर हात ओतत नाही. प्यावं म्हटलं, तर ते तिचं राहिलेलं वाटतं. मग पेला हातात घेऊन घरभर हिंडतो. दारापर्यंत, परत मोरीपर्यंत, परत दारापर्यंत. दम लागतो, तरी बसत नाही. तुला वाटतं म्हाताऱ्याला पेला कुठं ठेवायचा तेच सुचत नाही. तू हात पुढं करतेस, "द्या आबा हिकडं, मी ठेवतो."

आणि मी म्हणतो, ऱ्हाऊ दे.